शुक्रवारपुरती साठी

छत्रपती संभाजीनगर,
सोमवार, २७ मे २०२४

तीर्थस्वरूप कालिंदीआत्यास,

अश्लेषाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द सवयीनं लिहिलेला नाही. टेबलावर पिण्याच्या पाण्याची पातेली आहेत आणि खुर्चीत कळशी बसली आहे, त्यामुळे हे पत्र मी जमिनीवर पालथी पडून लिहिते आहे. आठांपैकी सहा अंगं तरी नक्की टेकलेली आहेत.)

तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू ‘बरा आहे’ एवढंच लिहिलं होतंस, आणि फार दुखत असलं की तू एवढंच लिहितेस, म्हणून विचारते. गल्लीतला हातपंप अजून देतो आहे का, की नुसता आवाज करतो? इकडे सगळे ठीक. आईचं डोकं दुखायचं थांबलं आहे. बाबा आठवड्यातून एकदा नळाला पाणी येतं त्या दिवशी पंचविशीतले असतात आणि उरलेले दिवस पंच्याहत्तरीतले. उन्हाचं काय लिहू, ते तुझ्याकडेही तेवढंच आहे.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. तूच मागं म्हणाली होतीस की फोनवर मी आधी रडते आणि मग सांगते. लिहिताना निदान क्रम सुधारतो. शिवाय ही कबुली आहे, आणि कबुली लिहूनच द्यायची ही तुझ्या शाळेची पद्धत. (तुझी शाळा म्हणजे मागची पडवी, एक फळा आणि मी एकटी विद्यार्थिनी. दम्यामुळे आई-बाबांनी मला तीन वर्षं पाचोडला तुझ्याकडे ठेवलं नसतं, तर मला काय काय आलं नसतं याची मी कधीकधी यादी करते.) दर शनिवारी आठवड्यातलं खोटं पाटीवर लिहायचं, तुला वाचून दाखवायचं आणि मग स्वतःच्या हातानं पुसायचं. एका शनिवारी माझं काहीच खोटं निघालं नाही, तेव्हा तू रागावशील या भीतीनं मी एक रचून लिहिलं होतं. ते अजून पुसलेलं नाही असं मला वाटतं. पण आजचं त्याहून मोठं आहे आणि त्यात तू आहेस.

आधी सिनेमाचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. एक कोरियन सिनेमा येतो आहे. नाव ‘अकरावा हिवाळा’. (दिग्दर्शकाचं नाव लिहीत नाही, कारण ते तीन तऱ्हांनी उच्चारलेलं ऐकलं आहे आणि चुकीचं लिहून त्या माणसाचा अपमान करायची माझी इच्छा नाही.) गोष्ट सुडाची आहे. एका गावात चार माणसं एका बाईच्या घरादाराची राख करतात. ती बाई पुढं अकरा वर्षं काहीच करत नाही, फक्त एक खानावळ चालवते, आणि अकराव्या हिवाळ्यात ते चौघं तिच्याकडे जेवायला येतात. पुढचं कुणालाच माहीत नाही. जाहिरातीसाठी जो एक मिनिट बारा सेकंदांचा तुकडा सोडला आहे त्यात ती बाई सुरीला धार लावते आणि मुळा कापते. बस, एवढंच. पण आत्या, तो मुळा ती ज्या रीतीनं कापते ते पाहिलंस तर तू पोळ्या तव्यावर ठेवून येशील. मागं टेबलावर चार वाडगे मांडलेले दिसतात आणि पाच चमचे. पाचवा चमचा कुणाचा, यावर आमच्या कोरियन सिनेमावेड्या मैत्रिणींच्या गटात फेब्रुवारीपासून चर्चा चालू आहे. दोघींचं बोलणं बंद झालं होतं, परवाच सुरू झालं.

तू म्हणशील, क्षमा शिकवलेल्या मुलीला सुडाचं हे वेड कुठून लागलं. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. टँकरच्या रांगेत माझ्या पायावर कुणी हंडा ठेवला तर ‘सॉरी’ मी म्हणते. कंपनीच्या बसमध्ये माझ्या जागेवर कुणी बसलं तर त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मी पुढच्या थांब्यावर उतरायचं आहे असं दाखवते, आणि दोनदा खरंच उतरले आहे. तर अशा माणसाला दोन तास अंधारात बसून, कुणाचीही माफी न मागणाऱ्या एका बाईकडे बघायला मिळालं, की बाहेर येताना छाती मोकळी होते. माझ्या दम्यावर तुझ्या काढ्यानंतर याच एका गोष्टीचा उपयोग झालेला आहे, आणि त्यासाठी असे सिनेमे करणाऱ्या लोकांची मी मनापासून आभारी आहे.

हा सिनेमा आपल्या शहरात लागणारच नव्हता. बीड बायपासला तू मला ज्वारीची शेतं दाखवायचीस तिथं आता नऊ नऊ मजले उभे आहेत, मॉल आहेत, त्यात पडदे आहेत, पण कोरियन म्हटलं की तिथले व्यवस्थापक मान हलवतात. शेवटी एकानं अट घातली. चाळीस माणसांची नावं फोन नंबरासह आणून द्या, तर शुक्रवारी, ३१ तारखेला, सकाळी सव्वाअकराचा एकच खेळ लावतो. चाळीस भरले नाहीत तर खेळ रद्द. माझी मैत्रीण प्रेरणा (शहागंजात तिच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान आहे, तिथं ती बसते) हिनं तीन आठवड्यांत चाळीस जमवले. गिऱ्हाइकांना बांगड्या भरता भरता, म्हणजे त्यांचा हात हातात असतानाच, तिनं नावं लिहून घेतली. मला मात्र झोप लागेना. या बायकांना सिनेमात रक्त आहे हे माहीत असेल का? म्हणून मी सगळ्यांना एकेक करून फोन केला आणि नीट समजावून सांगितलं. सात जणी गळाल्या. प्रेरणा म्हणाली, “क्यों डरा रई लोगां को? तू आमच्या बाजूची आहेस की मॉलवाल्याच्या?” तरी तिनं न रागावता पुन्हा सात शोधले, आणि या वेळी त्यांचे नंबर मला दिले नाहीत. तिचे उपकार मी विसरणार नाही.

राहिली रजा. आता चितेगावच्या आमच्या कंपनीचं थोडं सांगावं लागेल. आम्ही औषधाच्या बाटल्यांची झाकणं करतो आणि मी क्वालिटीत आहे, म्हणजे झाकणात काही वाकडं असेल तर ते शोधणं हे माझं काम. (देवानं मला बरोबर जागी ठेवलं आहे, त्याबद्दलही आभार.) आमचे मॅनेजर कारभारी गोर्डे साहेब. मनानं फार चांगले, शेतकरी घरातले, पाचोडच्या अलीकडे वाडीवर त्यांची जमीन आणि विहीर आहे. मे महिन्यात आमच्याकडे ऑडिट असतं, तेव्हा रजा मिळत नाही. अपवाद तीनच: घरातलं लग्न, घरातलं मरण आणि नळाचा दिवस. नळाच्या दिवशी अर्धी रजा मिळते, कारण पाणी भरायला कुणी नसेल तर पुढचा आठवडा त्या माणसाच्या कपड्यांकडे पाहवत नाही. पण त्यातही कुणी फसवू नये म्हणून साहेबांनी शहरातल्या प्रत्येक भागाचं पाण्याचं वेळापत्रक खुर्चीमागच्या भिंतीवर लावलं आहे. आमच्या कॉलनीचा वार गुरुवार. शुक्रवारी आमच्याकडे पाणी येणं या जन्मी शक्य नाही.

मी खरं सांगायचं ठरवून गेले होते. कागदावर तीन मुद्दे लिहून नेले होते. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, “काय, लग्न का मयत?” आणि आत्या, माझ्या तोंडून निघालं, “पाचोडच्या आत्याची साठी आहे.”

तू सत्तावन्न वर्षांची आहेस हे मला पाठ आहे. (तुझा वाढदिवस मार्गशीर्षात असतो हेही. पण साठीची शांत मुहूर्त पाहून करतात, असं म्हणून महिन्यापुरती मी मनाची समजूत घातली. वर्षांची घालता आली नाही.) साठीच का सुचली, तेही सांगते. ती लग्नही नव्हती आणि मरणही नव्हतं, आणि त्या क्षणी मला दोन्हींच्या मधलं काहीतरी हवं होतं एवढंच.

साहेब रजेला नाही म्हणतील आणि विषय संपेल, अशी मला जवळजवळ आशा होती. ते उठून उभे राहिले. म्हणाले, त्यांच्या आईची साठी २०१६ साली होती. त्या उन्हाळ्यात वाडीवर प्यायला पाणी नव्हतं तर पन्नास माणसांचा स्वयंपाक कशात करणार? म्हणून ‘पाऊस पडल्यावर करू’ म्हणाले. पाऊस पडला तेव्हा आई नव्हती. हे सांगताना ते भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आत्याबाईंची साठी पाण्यावाचून अडता कामा नाय. मी टँकर लावतो. आमच्या विहिरीला अजून हाय. पाचोडला कुठं राहत्यात?”

इथं मी माघार घ्यायला हवी होती. पण एका वेळी एकाहून जास्त खोटं बोलणं मला जमत नाही, त्यामुळे पत्ता अगदी खरा सांगितला, खुणेसकट: मारुतीच्या देवळामागची गल्ली, निळं दार, दारात तुळशीऐवजी गवती चहा. त्यांनी तो डायरीत उतरवून घेतला. तर आत्या, शुक्रवारी सकाळी नऊ वाजता तुझ्या दारात पाच हजार लिटरचा टँकर येणार आहे. तो गल्लीभर पुरेल. तुला हे माझ्याकडून आधी कळावं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी कसंबसं निभावलं असतं. आमच्या कँटीनच्या आशाबाई (माहेर पाचोड, आणि हे पत्र त्याच आणणार आहेत) दुसऱ्या दिवशी परातभर कणीक घेऊन बसल्या. साठीला साठ दिव्यांनी ओवाळतात ना, ते दिवे पॅकिंग विभागातल्या बायकांनी जेवणाच्या सुट्टीत केले. मी जवळ उभी होते, कारण दूर उभं राहणं आणखी वाईट दिसलं असतं. आशाबाई म्हणाल्या, “तुमी क्वालिटीवाल्या, मोजा बरं.” मी मोजले. साठ भरले. त्यातले सत्तावन्न खरे आणि तीन खोटे, पण कुठले तीन ते काही केल्या ओळखू येईना. सगळे सारखेच सुबक होते. सात वर्षांत माझ्या टेबलावरून एवढा निर्दोष माल गेलेला नाही.

मी खरं सांगायचा प्रयत्न केला नाही असं समजू नकोस. तीन वेळा केला. पहिल्यांदा गेले तेव्हा साहेब जांभळं खात होते, त्यांनी ओंजळभर मला दिली, आणि तोंडात जांभूळ असताना माणसाला कबुली देता येत नाही. दुसऱ्यांदा गेले तेव्हा ते टँकरवाल्याला फोनवर बजावत होते, “हे बघ, म्हातारं माणूस हाय तिथं, हॉर्न वाजवू नको.” (म्हातारं माणूस म्हणजे तू. हे वाक्य गाळावं असं दोनदा वाटलं, पण कबुली अर्धी लिहायची नाही.) तिसऱ्या वेळी मला समजलं की समोरासमोर हे माझ्याच्यानं होणार नाही, म्हणून मी कामाच्या पद्धतीनं गेले. ठरल्यापेक्षा काही वेगळं घडलं की आम्ही डेव्हिएशन रिपोर्ट भरतो. फॉर्म आता मराठीत आला आहे. मी तो भरला:

काय बिघडले: रजेच्या कारणात आत्याचे वय ६० सांगितले. प्रत्यक्ष वय ५७.
मूळ कारण: कोरियन चित्रपट.
झालेले नुकसान: टँकर एक, दिवे साठ, गोर्डे साहेबांचा विश्वास (मोजता आला नाही).
सुधारणा: आत्याला पत्र लिहिणे.

तो फॉर्म मी सहीसाठी नेहमीच्या गठ्ठ्यात मध्यभागी ठेवला. साहेब वाचतील, मला बोलावतील, मी रडेन आणि सगळं मिटेल, असा हिशेब होता. संध्याकाळी गठ्ठा परत आला. त्यावर ‘मान्य’ लिहून साहेबांनी सही केली होती, इतर चोवीस फॉर्मांवर केली होती तशीच. म्हणजे कागदोपत्री साहेबांना सगळं माहीत आहे आणि मान्य आहे. प्रेरणा म्हणते, मग झालं की. मला तसं वाटत नाही. न वाचता केलेली सही म्हणजे सही करणाऱ्याची चूक आणि ठेवणाऱ्याचं पाप.

तर सुधारणेच्या रकान्यात लिहिल्याप्रमाणे हे पत्र. मी तुझ्या वयाशी खेळले, तुझ्या नावावर रजा घेतली, एका भल्या माणसाच्या आईच्या आठवणीला हात घातला. क्षमा माग म्हणशील तर मागते. पण खरं सांगू का, या चार दिवसांत माझ्या एका खोट्यापायी जेवढी माणसं माझ्याशी चांगली वागली तेवढी माझ्या पंचवीस वर्षांच्या खऱ्यापायी वागली नव्हती, आणि मला या सगळ्यांचे आभार मानायचे आहेत, ते कुठल्या तोंडानं मानू ते कळत नाही. तू माझी पहिली मास्तरीण, म्हणून तुला विचारते. आशाबाई बुधवारी संध्याकाळी निघणार आहेत, तोवर पत्र माझ्याजवळच आहे.

गुडघ्याला तिळाचं तेल लाव, फक्त कोमट करून. आईचा आणि बाबांचा नमस्कार.

तुझी,
अश्लेषा

ता. क. पत्र घडी करून पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं, कारण एक गोष्ट लिहायची राहिली. खरं तर हीच लिहायला बसले होते. आत्या, तुला फार त्रास नसेल तर शुक्रवारी तू साठ वर्षांची होशील का? फक्त सकाळी नऊपासून टँकर रिकामा होईपर्यंत. तू खोटं बोलावंस असं मी कधीच म्हणणार नाही. गोर्डे साहेबांनी विचारलंच तर नुसतं ‘झाली आता’ म्हण. त्यात वय येत नाही. पुढच्या तीन वर्षांत मी ते भरून काढीन आणि खरी साठी माझ्या पगारातून करीन, तेव्हा तुला कुणी विचारलं तर तूही खुशाल तीन वर्षं कमी सांग.

ता. क. मंगळवार. वरचा ता. क. वाचू नकोस. वाचला असशील तर विसर. तू सत्तावन्नचीच राहा, फार महत्त्वाचं आहे. आज ऑडिटर बाई आल्या. पुण्याच्या आहेत, पातळ आवाजाच्या, कुणाकडे न बघता बोलणाऱ्या. पंचवीस फॉर्मांच्या गठ्ठ्यात त्यांनी मधे बोट घातलं आणि एक काढला. तुला कोणता ते सांगायला नको. त्यांनी तो गोर्डे साहेबांसमोर मोठ्यानं वाचला, ‘मूळ कारण: कोरियन चित्रपट’ इथं एकदा थांबून. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, गेल्या अकरा वर्षांत त्यांनी पाहिलेला हा पहिला फॉर्म आहे ज्यात मूळ कारण खरं लिहिलं आहे. बाकी सगळ्या कंपन्या ‘कामगाराचे दुर्लक्ष’ लिहितात. पण सुधारणा झाली याचा पुरावा जोडल्याशिवाय हा मुद्दा बंद होणार नाही, आणि तो गुरुवारी संध्याकाळपर्यंत बंद व्हायला हवा.

त्या गेल्यावर साहेबांनी फॉर्मांचा गठ्ठा सरळ करून ठेवला. मी दाराशी उभी. मग म्हणाले, “सिनेमाला जायचं हुतं तर सांगायचं नाय व्हय?” मी म्हटलं, लाज वाटली. ते म्हणाले, “आन माझ्या आईचं ऐकून घेताना?” आत्या, त्याची जास्त वाटली. त्यांना ते दिसलं असावं, कारण त्यांनी खुर्ची पुढं केली. मी म्हटलं, टँकर रद्द करा, मी आत्याला कळवते. तेव्हा मात्र ते खरे चिडले. “रद्द? टँकर भरून उभा हाय. आत्याबाई सत्तावन्नच्या असल्या म्हणून त्यांना तहान कमी लागती का? आन गल्लीतल्या बायकांचं काय, त्यांची पण साठी बघू का?” मग ड्रॉवरमधून माझा रजेचा अर्ज काढून त्यांनी कारण खोडलं, तिथं स्वतःच्या हातानं ‘कोरियन सिनेमा’ लिहिलं, दोनदा वाचलं आणि सही केली. म्हणाले, ऑडिटचा मुद्दा बंद झाला की रजा मंजूर समजा. तर सोबत एक कागद जोडते आहे. ‘मी सत्तावन्न वर्षांची आहे व मला सदर पत्र मिळाले’ असा मजकूर आहे. खाली निळ्या शाईनं सही करून आशाबाईंकडेच परत पाठव, त्या गुरुवारी दुपारच्या गाडीनं येतील. गोर्डे साहेबांना मी तुझा नमस्कार सांगून टाकला आहे. तू सांगितला असतास याची खात्री होती.

ता. क. याच दिवशी. चाळिसांतले दातांचे डॉक्टर गळाले, त्यांच्या बायकोच्या माहेरी नळाचा दिवस आहे. एकोणचाळीस राहिले. मी कुणालाही फोन केलेला नाही, शपथ. प्रेरणा शेजारच्या दुकानदारांना विचारते आहे. आशाबाई मघाशी सांगत होत्या की साहेब कँटीनमध्ये बसून त्यांना विचारत होते, “त्या बाईनं अकरा वर्षं वाट पाहिली म्हनत्यात. बांधाचं भांडान हाय का?” आशाबाईंनी खानावळीचं आणि मुळ्याचं सांगितलं. (आशाबाईंना इतकं कसं माहीत, ते विचारू नकोस. पाकीट अजून चिकटवलेलं नव्हतं.) ते म्हणाले, “अकरा काय घेऊन बसला. आमच्या भावकीत तेवीस चालू हाय, अजून कुणी जेवायला बी बोलावलं नाय.”

ता. क. बुधवार दुपार. आत्या, मघाशी मॉलच्या व्यवस्थापकांचा फोन आला. सिनेमा या शुक्रवारी नाही. दोन आठवडे पुढं गेला, १४ जूनला. कारण सांगितलं नाही. मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हे, की माझी ३१ तारखेची रजा आता ‘कोरियन सिनेमा’ या कारणानं मंजूर होणार आणि त्या दिवशी कोरियन सिनेमा नाही, म्हणजे ते कारणही खोटं. मी दुसरा डेव्हिएशन रिपोर्ट भरून थेट साहेबांच्या हातात दिला. या वेळी त्यांनी तो पूर्ण वाचला. म्हणाले, “मग शुक्रवारी तुमी काय करणार?” मी म्हटलं, पाचोडला जाईन, आत्याकडे, टँकर आला की नळी धरायला कुणीतरी लागेल आणि तिचा गुडघा दुखतो. ते म्हणाले, “म्हंजे जे आधी म्हनला होता तेच.” मी म्हटलं, हो, पण आता खरं आहे. तर सकाळी सातच्या गाडीनं मी येते आहे, आणि कागदावरची सही उद्या आशाबाईंसोबत तेवढी आठवणीनं पाठव. दिवे साठच्या साठ येतील, वरचे तीन दिवे काढायला बायका तयार झाल्या नाहीत, त्यांचं काय करायचं ते तू ठरव. चाळिसावं नाव मिळालं आहे. कारभारी बाबूराव गोर्डे, मोबाईल नंबरासह, मी त्यांना रक्ताचं सांगितलं, ते म्हणाले चालेल. मग त्यांनी चौदा तारखेसाठी माझा नवा अर्ज पुढं ओढला, पेन उघडलं आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “तर चौदा तारखेला कुणाची साठी म्हनता?” मी म्हटलं, साहेब, कुणाचीच नाही. कारणाच्या रकान्यात त्यांनी तेच लिहिलं, ‘कुणाचीच साठी नाही’, आणि खाली सही केली.